जड बाजू खाली

२ मार्च

आज शिल्प आलं. ऑफिसच्या नोंदवहीत एवढंच लिहिलंय, 'शिल्प आलं, बसवलं.' बाकीचं इथे लिहितो, कारण ती वही मोठे साहेब वाचतात आणि ही कोणी वाचत नाही. बायकोच्या हाती लागली तर गोष्ट वेगळी, पण तिचं म्हणणं असं की तुमचं अक्षर लावण्यापेक्षा डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचलेल्या बऱ्या.

शिल्प ब्राँझचं आहे. दोन माणसं एकावर एक उभी राहिली तर होईल एवढी उंची. एका टोकाला मोठ्ठा खोलगट भाग, त्याच्या कडेतून निघालेला जाडजूड बाकदार दांडा, आणि दांड्याच्या टोकाला सपाट गोल चकती. चकतीला कडेकडेने भोकं. कशाचं आहे ते कळत नाही. ते कळायचं नसतंच म्हणे, त्यालाच अमूर्त म्हणतात. काही महिने आमच्या चौकातल्या बागेत राहणार, मग दुसऱ्या गावच्या चौकात, मग तिसऱ्या. पहिला मान आमचा.

शिल्पकार बाईंचं डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय, म्हणून त्या आल्या नाहीत. फोनवर म्हणाल्या, "बसवायला माझा माणूस पाठवू का?" मी म्हटलं, "बाई, मी बागप्रमुख आहे. कारंजं बसवलं, घड्याळाचा खांब बसवला. एक शिल्प बसवता येणार नाही?" त्या म्हणाल्या, "बरं."

क्रेनवाल्याने पट्ट्यांत बांधून ते उचललं आणि हवेत धरूनच विचारलं, "साहेब, कुठली बाजू खाली?" हेडमाळी दांड्याकडे बोट दाखवून म्हणाला, "चकतीला भोकं आहेत, साहेब." मी म्हटलं, भोकं काय, सगळीकडेच आहेत. खोलगट भागाच्या पाठीला आट्यांची चार भोकं होती, आमचे बोल्ट त्यांत अगदी चपखल बसले. शिवाय बागेत वाऱ्यात उभी राहणारी कुठलीही वस्तू असो, जड बाजू खाली. हा माझा नियम आहे आणि तो आजवर चुकलेला नाही. पाठ गोलसर असल्यामुळे शिल्प जरा डुगडुगत होतं, म्हणून चारी बाजूंनी लोखंडी पाचरी ठोकल्या. आता हलायचं नाव नाही.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. तिला सांगावंच लागतं, कारण गेल्या वर्षी जिन्यावरून पडल्यापासून ती घराबाहेर पडलेली नाही. हाड केव्हाच जुळलं. डॉक्टर म्हणतात, पायात काही दोष नाही, चाला. पण जिन्याच्या तोंडाशी आली की हिचे हात गार पडतात. तिसरा मजला. मीही त्याबद्दल बोलायचं सोडून दिलंय. पूर्वी आम्ही दोघं संध्याकाळी फिरायला जायचो. कुठे असं नाही, उगाच इकडून तिकडे. मला त्याची फार आठवण येते. हे तिला सांगत नाही, तिला वाटेल मी टोचून बोलतोय.

५ मार्च

लोकांनी नाकं मुरडायला सुरुवात केली आहे. एकाने विचारलं, पाइपांचं उरलेलं सामान कधी उचलणार? मोठ्या साहेबांचा फोन आला, लोकांना नीट समजावून सांगा. मला तरी कुठे समजलंय? पण अधिकाऱ्याने 'माहीत नाही' म्हणायचं नसतं. दुपारभर बसून चार वाक्यं जुळवली. खालचा खोलगट भाग म्हणजे आपलं रोजचं जगणं. त्यातून वर चढणारा दांडा म्हणजे माणसाची धडपड. माथ्यावरची चकती म्हणजे त्याचं ध्येय, आणि चकतीतली भोकं म्हणजे ध्येय गाठल्यावरही राहून गेलेल्या उणिवा.

बऱ्यापैकी जमलंय. एका शाळेच्या बाईंनी तर उतरवून घेतलं.

हिला वाचून दाखवलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, तुम्ही सांगताय तशी चकती आपल्या पंख्यालाही आहे. वर, छताशी. स्क्रू मारलेत तिच्या भोकांतून."

मी म्हटलं, पंखा आणि कला यांत फरक असतो.

"असेल बाई," म्हणाली आणि खुदकन हसली. कशाला हसली ते कळलं नाही.

९ मार्च

शिल्पकार बाई व्यवहाराला पक्क्या आहेत. खोलगट भागाच्या तळाला ताटाएवढं गोल भोक ठेवलंय, पाणी साचू नये म्हणून. किती कलाकारांना हे सुचेल?

आज एक गंमत झाली. नुकतीच आई झालेली एक मुलगी बाळाला घेऊन येते, ती सरळ त्या खोलगट भागात जाऊन बसली. ऊन उतरल्यावर ब्राँझ कोमट होतं, आणि कड पाठीशी अशी वळते की बाक झक मारेल. बाळ लगेच झोपलं. हेडमाळी तिला उठवायला निघाला होता, मी त्याला थांबवलं. नियम काय आहे ते उद्या बघतो.

१३ मार्च

नियम काही सापडला नाही. तोवर संध्याकाळी तिथे बसायला लोक नंबर लावायला लागलेत. परवा पाइपाचं सामान म्हणणारा गृहस्थ आज त्यात बसून पेपर वाचत होता. मी काही बोललो नाही, नुसता दोनदा समोरून गेलो.

तळाच्या भोकातून कोणाच्या किल्ल्या पडतात, कोणाचा चष्मा. हेडमाळ्याकडून त्यावर गोल फळी ठोकून घेतली. आता बसायलाही सपाट झालं.

१६ मार्च

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून चौक दिसतो, पण शिल्पापुढे नेमकं झाड येतं. हिला फक्त चकती दिसते आणि लोकांचं हसणं ऐकू येतं. गेले काही दिवस ती खिडकीपासून हलत नाही. आज विचारत होती, "लोक नक्की बसतात कुठे?"

"खोलगट भागात."

"म्हणजे कढईसारखं?"

"कढईला असा उंच दांडा असतो का?"

"मग पळीसारखं."

"पळीत माणसं बसतात का?"

"अहो, मग कशासारखं?"

"अमूर्त आहे ते," मी म्हटलं.

ही भयंकर वैतागली. "एका भांड्याचं धड वर्णन करता येत नाही, आणि म्हणे अधिकारी! मीच बघते उद्या."

बोलून गेली. मी ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

१७ मार्च

आज ही खाली उतरली.

मी ऑफिसातून आलो तर चप्पल घालून खुर्चीत बसलेली. चेहरा असा की कोणी काही बोलायचं काम नाही. मी पुढे, ती मागे, तिचा हात माझ्या खांद्यावर. खांद्यात बोटं अशी रुतवली होती की अजून दुखतंय, आणि दुखू दे. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली. श्वास लागला होता, घाम आला होता.

"परत जाऊ या का?" मी विचारलं.

"मग त्या भांड्याचं काय?" म्हणाली आणि पुढची पायरी उतरली.

चौकात आल्यावर तिने आधी शिल्पाभोवती एक फेरी मारली, मग आत बसली. हात कडेवर ठेवले. डोळे मिटले. म्हणाली, "अहो, कोणीतरी मांडीवर घेतल्यासारखं वाटतं." मग डोळे उघडून वर चकतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "पंखाच आहे पण."

माझे डोळे भरून आले. मी हेडमाळ्यावर ओरडलो की पाण्याचा पाइप नीट गुंडाळलेला नाही. तो नीटच गुंडाळलेला होता.

२ एप्रिल

बरेच दिवस लिहिलं नाही. आनंदात माणूस लिहीत नाही बहुतेक.

ही रोज येते. मी हात धरून उतरवतो, ती शब्दकोडं घेऊन शिल्पात बसते. अडलेले शब्द येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते. आता तिथे घोळकाच जमतो. ती बाळवाली, पेपरवाले गृहस्थ, क्रेनवालासुद्धा काम नसलं की येतो आणि सगळ्यांना सांगतो की हे मी उचललंय. परवा 'आडवे शब्द' सोडवताना असा हशा पिकला की बागेशेजारच्या वाचनालयातून कोणीतरी बाहेर आलं. ओरडायला आले असतील असं मला वाटलं, तर त्यांनाच एक शब्द माहीत होता.

मला कोणी बागप्रमुख म्हणत नाही. 'कोड्यावाल्या काकूंचे मिस्टर' म्हणतात. म्हणू देत.

१० एप्रिल

शिल्पकार बाईंचा फोन. ऑपरेशन छान झालं. मोठ्या साहेबांनी त्यांना १८ तारखेला बोलावलंय, त्या येताहेत. आवाज अगदी लहान मुलीसारखा झाला होता.

"उभं कसं दिसतं हो ते?" त्यांनी विचारलं. "माझ्या शेडचं छत बुटकं. मी ते आडवंच घडवलं, आडवंच बघितलं. उभं असं एकदाही पाहिलेलं नाही."

मी म्हटलं, "फार छान दिसतं."

"लोक खाली उभे राहतात का?"

"खाली?"

"त्या खोलगट छताखाली हो! दांड्याला टेकून उभं राहायचं आणि भोकातून वर बघायचं. गोल आकाश दिसतं. त्या एवढ्याशा आकाशासाठी तर सगळा खटाटोप."

मी म्हटलं, "लोकांना फार आवडलंय." हे खोटं नव्हतं. फोन ठेवला आणि ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं. दांडा वर. चकती वर. बोल्ट मारायची भोकं उघडी, एका भोकात चिमणीने काडी आणून ठेवलेली. आणि बाईंच्या आकाशावर मी फळी ठोकलीय.

उणिवा म्हणे!

१२ एप्रिल

कालपासून जेवण जात नाही. मोठे साहेब काय म्हणतील याची मला फारशी फिकीर नाही, हे लिहिताना माझं मलाच आश्चर्य वाटतंय. सरळ सुलट करून टाकावं. क्रेनवाल्याचं एका सकाळचं काम. बाईंना कळणारही नाही.

पण मग ही कुठे बसेल? बागेत बाक आहेत, रंग दिलेले, चांगले. पण बाक बघायला ही तीन मजले उतरली नव्हती. बसायची जागा गेली की घोळका गेला, घोळका गेला की शब्दकोडं परत स्वयंपाकघरात. मला ते बघवणार नाही. त्या खिडकीशी ती वर्षभर कशी उभी राहिली आहे ते मी पाहिलंय.

तसंच ठेवावं आणि बाईंना काहीतरी थाप मारावी, हाही विचार आला. आला म्हणजे येऊन बसलाच. जायला तयार नाही.

१३ एप्रिल

हिने माझ्यापुढचं ताट बाजूला केलं आणि म्हणाली, "काय ते बोला."

सांगून टाकलं.

"मला वाटलंच होतं," म्हणाली.

"काय वाटलं होतं?"

"पंखा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की! दोनदा."

मी ताटाकडे हात नेला, तिने ते आणखी लांब सरकवलं.

मग जरा वेळाने म्हणाली, "नंतर मला त्यात बसायला आवडायला लागलं. म्हटलं, असू दे उलटं, कोणाचं काय बिघडतंय? पण त्या बाईंनी अजून उभं बघितलंच नाही हे मला कुठे माहीत होतं? सुलट करून टाका."

"मग तू कुठे बसशील?"

"मला बसायला हवं म्हणून त्या बाईंना त्यांचंच काम बघायला मिळू नये? असलं बसणं मला नको."

मला राहवलं नाही. म्हटलं, "तू परत वरच बसून राहशील. मला ती भीती वाटते. मला तुझ्याबरोबर चालायचंय, गं." एवढ्या वर्षांत असं मी कधी बोललो नसेन.

ही माझ्याकडे बघत राहिली. मग ताट परत माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "जेवा. गार होतंय." आवाज जरा जड होता. तिला सर्दी होतेय की काय, उद्या बघायला हवं.

१४ एप्रिल

सर्दी नाही.

सुलट करायला गेलो होतो, पण बाळवाली आणि पेपरवाले आडवे आले. म्हणाले, काकूंची जागा आम्ही हलू देणार नाही. खरं कारण सांगायचं धाडस होईना. बाईंना समोरासमोरच सांगेन.

१८ एप्रिल

सांगितलं.

शिल्पकार बाई बुटक्या आहेत, काळा चष्मा लावून आल्या. मोठे साहेब दोन शब्द बोलायला घसा साफ करत होते. त्यांच्याआधी मीच फाटकाशी पुढे होऊन म्हटलं, "बाई, मी तुमचं शिल्प उलटं बसवलंय." मोठ्या साहेबांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

बाई शिल्पाजवळ गेल्या. चष्मा काढला. शिल्पाभोवती हळूहळू फिरल्या. ही आत बसली होती, ती गडबडीने उठायला लागली, तर बाई "बसा बसा" म्हणत तिच्या शेजारी जाऊन टेकल्या. इकडेतिकडे हात फिरवत विचारलं, "माझं भोक कुठाय?"

"आपल्या खाली," ही म्हणाली. "फळी मारलीय ह्यांनी."

बाई हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, तर म्हणाल्या, डॉक्टरांनी हे अगदी मना केलंय, आणि आणखीच हसल्या. माझ्या चार वाक्यांची गोष्टही हिने त्यांना सांगितली. सांगायची काही गरज नव्हती.

त्या उठल्याच नाहीत. संध्याकाळभर तिथेच. शब्दकोड्यातले काही शब्द त्यांनीही सोडवले, एक चुकीचा. दिवे लागायच्या सुमारास माझ्याकडे वळून म्हणाल्या, "फार सुंदर झालंय हो हे. मला जन्मात सुचलं नसतं. पण हे तुमचं झालं. माझं मला एकदा दाखवाल?"

लोक कुरकुरले. बाई म्हणाल्या, आठ दिवस सुलट ठेवू, मग ह्या बागेपुरतं तुम्हीच ठरवा. मी हिच्याकडे बघायचं टाळलं.

२० एप्रिल

सकाळी निघताना हिला म्हटलं, "आज नको येऊस. बसायला जागा नसेल." ती म्हणाली, "बरं." एवढंच. जिना उतरताना माझाच पाय जड झाला होता.

क्रेनवाला दात काढत आला. पाचरी काढल्या, फळी उखडली, चिमणीच्या काड्या हेडमाळ्याने झाडाच्या बेचक्यात नेऊन ठेवल्या. शिल्प हवेत फिरलं, दांडा खाली आला आणि चकती चौथऱ्यावर टेकली. पाचर लागली नाही, हातोडी लागली नाही. बोल्ट आवळले आणि मी मान वर करून पाहिलं. ते उभं होतं. इतके दिवस ते बसलेलं होतं हे मला तेव्हा कळलं.

बाई चौथऱ्यावर चढल्या. दांड्याला पाठ टेकून वर बघितलं. खूप वेळ. शेवटी "दिसतंय," म्हणाल्या आणि माझ्या हातावर थोपटलं.

पण दुपारनंतर लोक येत आणि हिरमुसून परत जात. बाळवालीने शिल्पाकडे असं पाहिलं की जणू मी तिचं घर विकलंय. पेपरवाले बाकावर बसले, आमच्याकडे पाठ करून. संध्याकाळ झाली तरी मी घरी जाईना. पाणी घातलेल्या झाडांना परत पाणी घातलं. घरी जायचं म्हणजे हिला खिडकीशी उभी बघायचं.

फाटकातून कोणीतरी बाई तरातरा येताना दिसली. जागा कुठे गेली म्हणून भांडायला आली असेल असं वाटून मी हेडमाळ्याला पुढे केलं. तो हसून बाजूला झाला.

ती आमची ही होती.

"कोणाबरोबर आलीस?" मी विचारलं.

"कोणाबरोबर म्हणजे? एकटी आले. तुमचा घरी यायचा पत्ता नाही. म्हटलं, हेही कुठे उलटे लटकलेत की काय बघून यावं."

"आणि जिना?"

"जिना आहे तिथेच आहे."

माझ्या हातातला पाइप माझ्याच बुटात वाहत होता. ही सरळ चौथऱ्यावर चढली, अजून तिथेच रेंगाळणाऱ्या शिल्पकार बाईंच्या शेजारी उभी राहिली आणि मान वर केली. मग माझी बाही धरून मला आत ओढलं. वर ब्राँझमध्ये एक गोल, त्यात निळसर आकाश, आणि ते आपल्याच घरचं असावं इतकं जवळ. बाळवाली आली. पेपरवाले आले, घडी केलेला पेपर काखेत मारून. सगळे माना वर करून उभे. बाळही.

"इथे बसायला काही नाही," मी हिला हळूच म्हटलं.

"मग उभे राहू. कंटाळा आला की चालू लागू. बसून बसून किती बसायचं माणसाने?"

आम्ही लांबच्या रस्त्याने घरी गेलो. ही सगळी वाट बोलत होती. बाईंच्या चष्म्याविषयी, एका अडलेल्या शब्दाविषयी. मला त्यातलं निम्मं आठवत नाही. मी नुसता तिच्या शेजारून चालत होतो आणि मला इतका आनंद झाला होता की समोरून येणाऱ्या अनोळखी माणसांना मी मान लववत होतो.

जिन्याशी आल्यावर सवयीने हात पुढे केला. "सरका हो," ही म्हणाली, "तुमच्यामुळे कठडा धरता येत नाही." मी सरकलो. ती पुढे गेली. मी दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत थांबलो होतो, तेव्हा वरून तिचा आवाज आला, "अहो, येताय ना?"

"आलो," म्हटलं. "आलोच."